उशाची घंटा

बोरिवली,
१२ जून १९६८

चि. हरेश्वर यास,
अ. उ. आ.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच! शाळेत इतक्या पोरांची अक्षरं वळणावर आणली, सख्ख्या भावापुढे मात्र मी हात टेकले.

आश्रमात माझं बस्तान बसलं. आम्ही म्हातारे मिळून बारा-पंधरा. जेवण शाकाहारी, पण गरम असतं. प्रेमा नावाची सेविका आहे. ती आंघोळीचं पाणी काढून देते, गुडघ्यांना तेल लावते आणि वर दटावतेही. प्रत्येकाच्या उशाशी एक पितळी घंटा आहे, काही लागलं की वाजवायची. शेजारच्या द्रौपदीबाई तर आज भाजी कसली, हे विचारायलाही वाजवतात. मी माझ्या घंटेच्या लोलकाला रुमाल बांधून टाकलाय. उभ्या जन्मात कुणाला असं बोलावलं नाही, आता काय राणीसारखी घंटा वाजवू?

चंदरला आणि सूनबाई मथुरेला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
ताई

---

वेसावे,
२३ जून १९६८

ती. मंजुळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. कोळीवाड्यात लोक तोंडावर विचारतात, हरेश्वर, भाऊ जिवंत असताना बहीण आश्रमात कशी रे? काय सांगू? आई गेल्यावर तूच मला न्हाऊमाखू घातलंस.

मथुरेनं पुढची खोली तुझ्यासाठी साफ करून ठेवलीय. सुके बोंबीलही राखलेत. इथं घंटा कशाला लागते? नुसती हाक मार, सगळं घर धावेल. नारळी पुनवेला ये, ती कायमचीच. नाही म्हणालीस तर पुन्हा लिहायचा नाही, आधीच सांगतो.

माया असू दे.

तुझा हट्टी भाऊ,
हरेश्वर

---

बोरिवली,
६ जुलै १९६८

चि. हरेश्वर यास,
अ. उ. आ.

रागावलास तरी वाच. परवा दुपारी खाटेवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना. घंटा हाताला लागली, पण रुमालामुळे ती वाजेना. कसाबसा सोडला आणि बडवली. प्रेमा जेवणावरून उष्ट्या हातानं धावत आली, मागोमाग डॉक्टर. आता बरी आहे. पण ती गाठ सोडवताना मी फार घाबरले होते रे.

आता घरचं बघ. पुनव झाली की चंदर दर्यावर, मथुरा दिवसभर अंधेरीच्या बाजारात. मग माझी हाक ऐकणार कोण? तू? तुझा डावा कान कधीचा रजेवर गेलाय! सणाला दोन दिवस येईन, पोटभर नारळीभात खाईन आणि परत जाईन. तुझ्यावरची माया त्यानं कमी होत नाही.

राग सोड, लोभ सोडू नकोस.

तुझी,
ताई

---

वेसावे,
२४ ऑगस्ट १९६८

ती. मंजुळाताईस,
शि. सा. न. वि. वि.

सणाला येऊन तू परत गेलीस, तेव्हा रागानं मी दारापर्यंतही आलो नाही. लिहायचा नाही म्हणालो होतो, तरी लिहितोय.

सोमवारी मोरीत पाय घसरला. घरात कुणी नव्हतं. हाका मारमारून घसा बसला. शेजारी रेडिओ मोठ्यानं लागला होता. मथुरा पाटी घेऊन परतली, तोवर तिथंच पडून होतो. हाड मोडलं नाही, पण भिंत धरल्याशिवाय चालवत नाही. पोरीनं रडून डोळे सुजवून घेतलेत, बाजार बंद करते म्हणते. तिचा काय दोष? तिनं धंदा सोडला तर घर कसं चालायचं?

पडल्यापडल्या मला सारखी तुझी घंटा आठवत होती. ताई, तिथं पुरुषांकडे एखादी खाट रिकामी आहे का? आणि लोकांना काय सांगू, तेही तूच कळव.

तुझी माया असू दे. आता तिचाच आधार.

तुझा,
हरेश्वर

---

बोरिवली,
२८ ऑगस्ट १९६८

चि. हरेश्वर यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोटभर रडले, मग ऑफिसात गेले. खाट आहे. व्हरांड्याच्या पलीकडे, खिडकीशी. तुझ्यासाठी धरून ठेवली.

लोकांना सांग, बहिणीनं बोलावलंय म्हणून चाललो. खोटं नाही ते, मी बोलावतेच आहे. मथुरेला म्हणावं, बाजार सोडायचा नाही. सुट्टी काढून चंदरबरोबर भेटायला यायचं, पण बोंबील आणायचे नाहीत, नाहीतर द्रौपदीबाई घंटा बडवून आश्रम डोक्यावर घेतील.

तुझ्या खाटेजवळची घंटा मी चिंच लावून लखलखीत घासलीय. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, माझाच आहे तो. म्हणून सांगते, येताना रुमाल घरीच ठेवून ये.

तुझी वाट पाहणारी,
ताई