चिमीची मुंगी

परतूर, रविवार संध्याकाळ

सकाळी चार वर्षांच्या पुतणीवर, चिमीवर खेकसलो आणि तिथंच सगळं बिघडलं. गल्लीतल्या लेकरांना टेकडीवर फिरवून आणायची कल्पना माझीच. खरं म्हणजे गल्लीतल्याच वैशालीसाठी, ती मला आवडते. तिचा भाचा येणार म्हणजे तीही येणार. वाट सोपी आहे म्हणालो, पण ती मी माझ्या पायांनी मोजलेली. शेतातल्या पांदीतच, त्या अरुंद गाडीवाटेवर, चिमी खाली बसली. एक मुंगी ज्वारीचा दाणा ओढून राह्यली होती. सगळी लेकरं भोवती जमली.

"ऊठ, जल्दी चल!" मी खेकसलो.

वैशाली म्हणाली, "तू लेकरं न्हाई, ट्रक हाक. जा वर. आम्ही इथंच बरे."

आणि मी गेलो की रागानं! टेकडीवर एकटाच. खाली ती सगळी त्या मुंगीपाशीच, हसत. कॉलेजही असंच तडकाफडकी अर्ध्यात सोडलं. आता वैशालीलाही?

आत्ता चिमी विचारते, "काका, मुंगी घरी पोचली का?"

काय माहीत. अजून उजेड आहे. पांदीला वैशालीच्या दारावरूनच जावं लागतं. तिला विचारतो, येतेस का, चिमीच्या चालीनं जाऊ. चिमीनं चपला उलट्या घातल्यात. असू दे. तिचं बोट धरून, दार लावून निघतो.