अर्धी घोडी माझी, अर्धी नणंदेची

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा अडखळली! सपाट मैदान, खडा नाही, खड्डा नाही — आणि जायफळ पुढच्या पायांवर अशी खचली की मी तिच्या मानेला मिठीच मारली. पडले नाही, एवढंच. तबेलेवाले काका कुंपणावरून ओरडले, "ताई, घोडी दमलीय का?"

दमायला काय झालंय तिला? आठवड्यातून तीन संध्याकाळी मी, तीन संध्याकाळी नणंद, रविवारी सुट्टी. इतकं सुख मला चष्म्याच्या दुकानात मिळत नाही.

दमलेली नाही, आळसावलीय. हे सगळं धाकटीचं काम! (नणंद सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी घरात अजून धाकटीच.) शाळेत मुलांकडून कवायत करून घेते, पण स्वतःच्या वाराला घोडीला चार पावलं चालवून काकांशी गप्पा मारत बसत असणार. मी पाहिलेलं नाही. पण ओळखते ना मी तिला, पंचवीस वर्षं झाली!

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज धाकटीचा वार. सकाळी सहाला गेले होते.

गेले दोन महिने मंगळ-गुरु-शनि मी अशी गुपचूप जाते. अर्धा तास, फार तर पाऊण. कुणीतरी त्या जनावराला हलवायला नको का? ही फसवणूक नाही, घोडीचं भलं आहे. असं इथे लिहून ठेवलं की मलाही जरा पटतं.

घरी हे चहाचा कप घेऊन दारात. "आलीस? तबेला आलाय सोबत." नाकाला रुमाल! यांना वारांचा हिशेब ठाऊक नाही, ते बरंय. घोडीचं नाव काढलं की "मला त्यात ओढू नका" हे ठरलेलं. स्वतःचं मात्र नवीन खूळ — एक दिवसाआड सकाळी फिरायला जायचं. जाऊ देत. पोट जरा आत गेलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नालबंद आला होता. चारही नाल काढून टेबलावर ओळीने मांडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ते चावून खाल्लेत.

"सहा आठवड्यांचे नाल चार आठवड्यांत झिजले. बाई, रोज हिला घेऊन कुठे जाता? दूध टाकायला?"

"छे हो! आठवड्यातून तीनदा."

"मग नाल खोटं बोलतात."

या माणसाची जीभ त्याच्या कानशीपेक्षा धारदार आहे. नवे नाल बसवले. मागच्या पायाच्या वेळी जायफळने माझ्या बुटावर पाय ठेवला आणि निवांत उभी राहिली. अंगठा वांग्याच्या रंगाचा झालाय. दिवसभर दुकानात लंगडत गिऱ्हाइकांना चष्मे दाखवले.

८ फेब्रुवारी, शनिवार

अंगठा सुजला. तरी सकाळी गेलेच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काका चारा आणायला बाहेरगावी गेलेत. घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना आम्हीच बोलावलं — मी आणि धाकटी, दोघी हजर. त्यांनी पाय चेपले, दात पाहिले, छातीला नळी लावली, दोनदा दुडकी चाल चालवून पाहिली. आजार काही नाही.

"थकलीय. वय सतरा. तुम्ही सांगता तेवढंच काम असेल आणि त्यानेही थकत असेल, तर हिचे स्वारीचे दिवस संपत आले."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मी धाकटीकडे. दोघींच्या डोळ्यांत पाणी आणि दोघींच्या मनात एकच — हिच्यामुळेच!

यांना काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हटलं की यांचं "मी म्हणालोच होतो" सुरू होणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीचा फोन. "वहिनी, मला वाटतं विकावी. दूरच्या एका पागेत विचारलंय, लहान मुलांना पाठीवर घेऊन नुसतं चालायचं. तिथे तिला आराम मिळेल. चोवीस तारखेला येतील न्यायला."

विकत घेतानाच ठरलं होतं, एकीने नको म्हटलं तरी घोडी विकायची. भांडणं नकोत म्हणून. तेव्हा केवढं शहाणपणाचं वाटलं होतं!

फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. कुणाला हसू येईल, बावन्न वर्षांची बाई घोडीसाठी रडते. पण आयुष्यभर मी कुणाची तरी मुलगी, बायको, आई, दुकानातली बाई. जायफळवर बसले की मी नुसती मी असते, आणि चांगली उंच असते! ते काढून घेऊ नये कुणी.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! हसून हसून पोट दुखतंय.

रविवार हा तिच्या आरामाचा दिवस. पण आता दिवसच थोडे उरले, म्हटलं एकदा बसून येऊ. साडेसहाला खोगीर उचलून वळले, तर दारात धाकटी — हातात लगाम!

"वहिनी, तू? आज?"

"आणि तू काय आरती ओवाळायला आलीस?"

मग भडाभडा सगळं बाहेर. तिला वाटायचं मी दुकानातून दमून येते, घोडीला जेमतेम फिरवते. म्हणून सोम-बुध-शुक्र शाळेच्या मधल्या सुट्टीत ही येऊन तिला पळवायची! माझ्या वाराला ती, तिच्या वाराला मी. म्हणजे जायफळ रोज दोनदा! आणि दोघींकडून दोनदा दाण्याचा तोबरा, ते वेगळंच.

गवताच्या भाऱ्यावर बसून आम्ही दोघी इतक्या हसलो की जायफळने मान बाहेर काढून पाहिलं. "नालबंदाची माफी मागायला हवी," धाकटी म्हणाली. मी म्हटलं, तू माग, मला त्याची भीती वाटते.

ठरलं — आठ दिवस कुणीही खोगीर चढवायचं नाही. संध्याकाळी नुसतं यायचं, गाजर द्यायचं, जायचं. सुधारली तर विकायची नाही. पागेवाल्यांना मात्र आत्ताच नाही म्हणायला नको, धाकटी म्हणाली, आधी फरक दिसू दे. काकांना काही सांगायचं नाही. चोऱ्या करत होतो हे त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार? आणि यांना तर मुळीच नाही. माझ्या बहिणीला फसवत होतीस, म्हणून म्हातारपणापर्यंत ऐकवतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खोगीर नाही, तरी मांड्या दुखतात. सवयीने दुखत असाव्यात!

१९ फेब्रुवारी, बुधवार

काका विचारत होते, "काय ताई, दोघींचं भांडण झालं का? कुणीच बसत नाही." मी हं-हूं करून सटकले. जायफळची मान अजून खालीच. तीन दिवसांत काय फरक पडणार, धीर धरायला हवा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाठीवरून हात फिरवला तर खरखरीत. उजेडात नेलं — वाळलेल्या घामाची पांढरी कड, बरोब्बर खोगिराच्या मापाची! पोटाखाली तंगाच्या पट्ट्याची खूण. खराराही धड केलेला नाही. आज कुणीतरी बसलंय तिच्यावर. चांगलं तासभर!

धाकटीला फोन केला. "शपथ घेऊन पाच दिवस नाही झाले ग!"

"मी? वहिनी, कालही तसाच घाम होता. मी गप्प बसले, म्हटलं मोठी आहेस, लाज राखावी तुझी!"

"माझी लाज? चोराच्या उलट्या बोंबा!"

"उलट्या कुणाच्या ते दिसतंय. सोमवारी ते न्यायला येणार आहेत. येऊ देत. आपल्या दोघींत ती मरेल, त्यापेक्षा जाऊ दे."

फोन आपटला तिने.

काकांना खोदून विचारलं. तो माणूस गवत पसरता पसरता म्हणतो, "ताई, मी इकडचं तिकडे करत नाही. तुमचं कधी कुणाला सांगितलं का?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

परवा नेतील. जेवण गेलं नाही. हे दोनदा म्हणाले, "काय झालंय तुला?" काही नाही म्हटलं. उद्या सकाळी लवकर जाऊन धाकटीला रंगेहाथ पकडणार आहे. घोडी तर जाणारच, निदान खरं तरी कळू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुंपणाच्या या टोकाला मी लपलेली, त्या टोकाला धाकटी — एकमेकींना पकडायला! आणि मैदानात जायफळ, तिच्यावर माझं हेल्मेट घालून, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून — हे!

काका खुशीत म्हणाले, "दीड महिना शिकताहेत. तुम्ही दोघी बसेनात, घोडी उभ्याउभ्या आखडेल, म्हणून मीच साहेबांना म्हटलं, आता रोज या!"

हे लालेलाल. "तिथून येतेस ती इतकी खूश असतेस," मला म्हणाले, "म्हटलं, आहे तरी काय ते बघावं."

मला रागवायचं होतं. जमलं नाही, रडूच आलं. धाकटीने तिथूनच पागेवाल्यांना फोन लावून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं आणि मग मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली, "दादा, आधी खाली उतर! आजपासून आठ दिवस हिच्यावर कुणी बसायचं नाही — तिघांपैकी कुणीही!"