नाक पुन्हा कामाला लागलं

व्हरमाँट, मार्चचा दुसरा मंगळवार

ती. ओडिलताईस,

लुसियनचा साष्टांग नमस्कार (तूर्त कागदावरच, डॉक्टरांनी खाली वाकायला बंदी केली आहे). तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का? अल्सीडभाऊजींनी छपरावर चढणं अजून सोडलं नसेलच. इकडे आम्ही मजेत आहोत, आणि हे मी नुसती पत्राची रीत म्हणून लिहीत नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेचा फज्जा तुला माहीतच आहे. नाकात वाढलेलं मांस काढायला दुर्बीण आत घातली, तर रक्तामुळे काही दिसेना. डोळा आणि मेंदू अगदी शेजारी, म्हणून डॉक्टरांनी काम अर्ध्यावर सोडलं. रक्तदाब फार चढला होता म्हणे. (त्याच सकाळी तू फोनवर आर्सेनकाका ऑपरेशनच्या टेबलावर कसे गेले ते सविस्तर सांगितलंस, त्याच्याशी मी याचा संबंध जोडत नाही. कोरिन जोडते, बायकोच ती.) पण नाकाशिवाय माझं कसं भागणार? वास येत नाही म्हणून गेल्या वर्षी मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करताना दोन कढया करपवल्या. कोरिनने बजावलं होतं, यंदाही करपवलास तर आजोबांची झाडं विकून टाकायची.

या खेपेला भूल द्यायला डॉक्टर पाइक नावाच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "स्वभाव तापट आहे का?"

"मुळीच नाही!" मी ओरडलो.

त्यांनी रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "भुलीबरोबर शांत करणारं एक औषध थेंबथेंब सोडते. नाडी सावकाश चालेल, दाब उतरेल, रक्त कमी येईल, म्हणजे सर्जनना आतलं दिसेल."

"आणि दाब फारच उतरला तर?"

"ते बघायलाच मी उशाशी बसणार आहे. तुम्ही झोपा हो."

ताई, काय सांगू! छताकडे बघत मी आयकरवाल्यांनासुद्धा माफ करून टाकलं. जाग आली तेव्हा सर्जन हसत होते. आतलं लख्ख दिसलं, सगळं निघालं. मी त्यांना म्हणालो म्हणे, तुमचे कान फार सुंदर आहेत. हे औषध घरी न्यायला मिळतं का, असं कोरिनने नर्सला हळूच विचारलं. (मिळत नाही. डॉक्टर आणि यंत्रं जवळ लागतात.)

काल पाकाच्या खोपटात मी स्टुलावर बसलो होतो, कोरिन कढईपाशी होती. वाफेतून एकदम गोड, खमंग, किंचित कडवट काहीतरी नाकात शिरलं. "उतरव!" मी किंचाळलो. तिने उतरवली. वेळेत, ताई! मग तिने बाहेरच्या ताज्या बर्फावर पाकाची धार धरली आणि ती गोठून घट्ट होताच पहिला घास मला भरवला. डोळ्यांत पाणी आलं, ते वाफेमुळे.

झाडं राहिली. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
लुसियन

ता. क. भाऊजींनी चार वर्षांपूर्वी 'आठवडाभरासाठी' आमच्या कोठारात ठेवलेला बोकड या शनिवारी कृपा करून घेऊन जा. काल संध्याकाळी वारा फिरला.

आणखी एक. कोरिन चार वर्षं सांगत होती की तो असह्य घाण मारतो. मी म्हणायचो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. काल रीतसर माफी मागितली. ती म्हणाली, "नाक झालं. आता कान दाखवून ये."