भात्यापाशी सापडले

रविवार, संध्याकाळ. अभयचं घर, जर्मनी

हे सापडले. आधी तेवढं लिहिते, मग बाकीचं.

अभयनं आज आम्हाला जवळच्या जुन्या गावातल्या जत्रेला नेलं. तटाच्या आत सगळी माणसं राजेरजवाड्यांच्या काळातल्या कपड्यांत. चर्चचा मनोरा बघायला मी मान वर केली, खाली बघते तर हे शेजारी नाहीत. यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. यांनी शुगरची गोळी घेतलेली, जेवण व्हायचं होतं. आणि इथल्या लोकांशी बोलणार कोणत्या भाषेत?

"आई, अण्णा काही लहान नाहीत," अभय म्हणाला.

लहान असते तर हात तरी धरला असता. घाबरून फोन लावला, तर माझीच पर्स वाजली. पुन्हा लावला. पुन्हा पर्स. मूर्खपणा कुणाचा?

शेवटी दिसले ते लोहाराच्या पालात. बाह्या सारून भाता ओढत होते.

"अहो, हे काय?"

"काय म्हंजे? लोहार एकटाच घन मारून राहिला, लोक नुसते बघून राहिले. भाता कोण वढावा?"

आमच्या कंधारला नांगराचा फाळ घेऊन लोहाराकडे गेलं की भाता शेतकऱ्यानंच ओढायचा, ही रीत. शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिल्यापासून यांचा चेहरा असा फुललेला पाहिला नव्हता. रागवायचं ठरवलं होतं, ते राहिलं.

"उठा आता."

"थांब की जरा. लोखंड गरम हाय."

दोन बिस्किटं यांच्या तोंडात घातली आणि अभयला माझ्यासाठी स्टूल आणायला सांगितलं.