वारा सरेपर्यंत

७ फेब्रुवारी १९९४, अंबाजोगाई

अप्पांचं ऑपरेशन झालं. आतड्याला पीळ पडला होता. गेवराईच्या लग्नात पैजेवर जिलब्या खाल्ल्या, धर्मापुरीला घरी पोचेपर्यंत पोट टम्म! डॉक्टर म्हणाले, वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही. सरलाच नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल — आणि तेवढं सोसायची ताकद त्यांच्यात नाही.

आई नाही, म्हणून सगळं माझ्याकडे. डॉक्टर सगळ्यांदेखत मलाच विचारतात, ‘वारा सरला का?’ मेल्याहून मेल्यासारखं होतं.

८ फेब्रुवारी

शेजारच्या कॉटवर आवासकरकाका आहेत. परळीला रेल्वेत होते. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू! शाळेच्या पुस्तकाबाहेरचा ज्यू मी पहिल्यांदाच पाहिला. मराठी आमच्याहून शुद्ध.

संडासातून आले, हात धुतले, टोपी घातली आणि काहीतरी पुटपुटले. जेवणाची प्रार्थना का, विचारलं. ‘नाही गं, पोट साफ झाल्यानंतरची.’ मला हसू फुटलं. मग त्यांनी अर्थ सांगितला — देवा, तू माणसात वाटा आणि पोकळ्या केल्यास. त्यातली एक जरी बुजली, तर तुझ्यासमोर घडीभरही उभं राहता येणार नाही.

हसू कुठल्या कुठे गेलं. नंतर मी किती तरी वेळ अप्पांच्या पोटाकडे बघत बसले.

९ फेब्रुवारी

बसम्माआत्यानं घात केला. मी औषधाला खाली गेले, तर हिनं डब्यातला शिरा भरवला. अप्पांना उलट्या, पोट पुन्हा ताठ. वर म्हणते, ‘उपाशी मारतीस का माज्या भावाला? दोन घासच दिलेत की!’ मी तिला नाही नाही ते बोलले. ती जिन्यात बसून रडली.

आमच्याकडे माया म्हणजे वाढणं. ताटावर आडवा हात धरला तरी वाढायचंच.

काका म्हणाले, ‘तिच्यावर रागावू नकोस. आमच्यातला एक थोर वैद्य आठशे वर्षांपूर्वी लिहून गेलाय — भूक लागल्याशिवाय जेवायला बसू नये, चतकोर भूक राखून उठावं. तरी माझी आई वाढायचीच.’ आठशे वर्षं! आणि आम्ही पैजा लावतोय.

१० फेब्रुवारी

उद्या सकाळपर्यंत वाट बघणार, मग पुन्हा ऑपरेशन. अप्पा माझा हात सोडत नाहीत.

दुपारी काकांचा पडदा सरकला होता. पोटावर पिशवी! कॅन्सरमुळे खालची वाट कायमची शिवून टाकलीय, सगळं पोटावरूनच पिशवीत येतं. त्यांनी ती स्वतः रिकामी केली. हात धुतले, टोपी घातली — आणि तीच प्रार्थना!

न राहवून मी म्हणाले, ‘काका, तुमची वाट तर बंद झाली ना?’

‘एक झाली. डॉक्टरांनी दुसरी काढली. चालू आहे ना?’

देवळात इतकी वर्षं हात जोडले, पण असे आभार मी कधी मानले नाहीत.

११ फेब्रुवारी

सकाळी सरला! डॉक्टर, आत्या, सगळा वॉर्ड हजर असताना. चांगला मोठ्यानं. कोणीही हसलं नाही. आत्या तर रडायलाच लागली.

दुपारी अप्पांनी डोळे उघडले. ‘रोहे, भूक लागली बग.’

हे मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. भूक लागायच्या आतच आम्ही वाढायचो.