घे म्हटल्याशिवाय

आबा,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, तेव्हा थोडं स्पष्ट बोलले तर डोळे वटारू नका. पठारावरच्या त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. तुम्ही पलटणीतून पेन्शनीवर आलात तरी घरात तुमचा शब्द म्हणजे हुकूम, आणि मला तरी कुठलं आलंय एवढं धाडस!

एकाहत्तरच्या लढाईत दादा बेपत्ता झाल्याची तार आली. पुढं कैदी सुटून आले, त्यांत तो नव्हता. मेला म्हणावं तर कुणी बघितलेला नाही, जिता म्हणावं तर पत्र नाही. वहिनी आपली कुंकू लावून, हिरव्या बांगड्या घालून गोठ्यातलं शेण काढत होती. लग्नानंतर नवरा दिसला तो काय महिनाभर. तिचे वडील मिरजेकडून यायचे, ओसरीवर बसून म्हणायचे, "पाव्हणं, पोरीचं काय त्ये एकदा ठरवा." तुम्ही खाली मान घालून सुपारी कातरत राहायचात. काय ठरवणार होतात?

मग एके दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "चला, कुत्र्यांस्नी पठारावर हिंडवून आणू." आई असती तर म्हणाली असती, ऊसतोड तोंडावर आलीय आणि ही कसली थेरं! पण ती आधीच गेलेली. आपण तिघं आणि दादाची ती दोन कारवानी कुत्री, पायथ्यापर्यंत बैलगाडीतून गेलो. दादा सुट्टीवर आला की सशामागं त्यांना तिथंच न्यायचा. त्यानं त्यांना एक वळण लावलं होतं, पुढ्यात भाकरी टाकली तरी "घे" म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. तो पलटणीत परत गेल्यावर घरी तुम्ही "घे" म्हणायचात आणि ती खायची.

वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वारा पडलेला. एवढं लांबरुंद पठार, पण एक टिटवी ओरडेल तर शपथ. मला तर पाय ठेवल्यापासून तिथं नको नको झालं होतं. कुत्री हुंदडली नाहीत, वास घेत फिरली नाहीत. सोडल्यासोडल्या सरळ एका कातळापाशी जाऊन शेजारी शेजारी बसली, माना वर करून. वहिनीनं फडकं सोडलं आणि भाकरी मोडून त्यांच्यापुढं ठेवली.

"घे," तुम्ही म्हणालात.

हलली नाहीत.

"घे रं गड्या!"

त्यांनी तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती बघत होती कातळाच्या वर, उभ्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं. शेपट्या हळूहळू मातीवर आपटतायत. मी तुमचा हात धरलाय.  आणि कुणीच काही बोललेलं नसताना दोघांनी एकदम माना खाली घातल्या आणि खायला लागली.

अजून अंगावर काटा येतो, आबा.

 "आलाय," तुम्ही म्हणालात. मला वेडीला आनंद झाला. "म्हंजी दादा हाय?" मी विचारलं.

"येडे, जित्ता माणूस हितं कसा यील?" एवढं बोलून तुम्ही ओंजळीत तोंड घातलंत. तुम्हाला रडताना मी तेवढंच बघितलं.

वहिनी कुत्र्यांमागं उभी होती, त्याच जागेकडं बघत. तिचे ओठ हलले. तुम्ही विचारलंत, "पोरी, तुला काय म्हनला का?"

"व्हय," ती म्हणाली. "जा म्हनले."

त्या एका शब्दावर तुम्ही सगळ्या भावकीशी वैर घेतलंत. तिच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. "माझ्या पोरानं सांगितलंय," एवढंच तुमचं पालुपद. म्हाताऱ्याला भ्रम झालाय, असं लोक तोंडावर म्हणाले. सुनेला लेकीसारखं दुसऱ्या घरी उजवलंत. अक्षता टाकायला आपल्याकडून तुम्ही आणि मी, दोघंच. पोराचा शब्द पाळला, या समाधानात तुम्ही डोळे मिटलेत.

आता ऐका. वहिनी, मी अजून वहिनीच म्हणते, परवा सांगलीला माझ्याकडं आली होती. आता नातवंडांची आजी झालीय, गुडघे कुरकुरतात. चहा पिताना मी सहज विचारलं, "त्या दिवशी तुला खरंच ऐकू आलं होतं का गं?" मला वाटलं हसेल, म्हणेल, आबांचा जीव मोकळा करायला बोलले झालं. तिनं कप खाली ठेवला.

"आलं की. तुमी आत्ता बोलताय तसं आलं," ती म्हणाली. "पर जा न्हवते म्हनले, वन्सं. थांब म्हनले."

"मग जा म्हणून का सांगितलंस?" मी विचारलं.

"विशीतली पोर हुते वं मी," ती म्हणाली. "किती थांबायचं?"

हे पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. पोराचा शब्द आपणच मोडला, हे तुम्हाला सोसलं नसतं. दादा माझा सख्खा भाऊ. तो त्या कातळापाशी उभा राहून अजून तिची वाट बघत असेल, हा विचार पाठ सोडत नाही. पण खरं सांगू, आबा? तिनं त्याचं ऐकलं नाही, याचा मला आनंद झाला.