मिसरच्या मोज्याची टाच

बा, तू गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्याहून मीच म्हातारी आहे. तुझ्यामागं अकोल्याला मुलींच्या शाळेत शिवण शिकवता शिकवता अक्षरं गिरवली, म्हणून हे लिहिता येतंय. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. हट्टीपणा तुझाच घेतलाय.

अमरावतीतलं ते वर्ष. सगळा कापूस विलायतेला धाडायला बैलगाड्यांवरून बडनेऱ्याला आगगाडीकडे चाललेला, सूत मिळेनासं झालेलं, आपला माग बंद. अशा रिकाम्या दिवसांत अचलपूरचे हाजी आले. हजहून परतताना मिसरातून, म्हणजे इजिप्त देशातून, त्यांनी एक मोजा आणला होता. सुती, निळा-पांढरा, अक्षरांसारख्या नक्षीचा, कुठल्याशा जुन्या शहराच्या मातीखाली सापडलेला. किती शतकांचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "कोन्या मागावर विनला असंल, तुमीच सांगा. आठ दिवसांनी नेतो," म्हणाले. कापडाची चिमूट धरून विणणाऱ्याचं गाव सांगणारा तू, दिवसभर मोजा उलटसुलट करत ओट्यावर बसून राहिलास. "याले ताना नाई, बाना नाई, शिवन बी नाई. आन टाच पाह्य वं, पोरी, कशी वळली!" देवळात बोलावं तसा तुझा आवाज खाली आला होता.

मग तुझी जन्माची खोड आड आली. कापड हाती आलं की सुटा धागा ओढून कातरायचा. मोज्याच्या वरच्या काठाला एक टोक लोंबतंय. तू ओढतोस, आणि ते थांबतच नाही. एक फेर उसवतो, दुसरा उसवतो, चटका बसल्यासारखा तू हात मागं घेतोस. "काहून ओढलं मी! हाजीले काय तोंड दाखवू आता?" तुझे डोळे भरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी मात्र धाग्याकडे बघत होते. प्रत्येक फास खालच्या फासातून निघत होता. कुंपणातले बाभळीचे दोन लांब काटे आणले, टोकं दगडावर घासली, आणि उसवताना पाहिलं तेच उलट करत गेले. पहिला फास तीनदा निसटला. दिवस मावळायच्या आत दोन्ही फेर जागेवर बसले. "माग नाई, पाय सोडाले खड्डा नाई," तू म्हणालास, "नुसता धागा आन काड्या. कोन्या बाईनं अंगनात बसून केलं असंल हे." आणि तू हात जोडलेस. पायातल्या मोज्याला नमस्कार करणारा विणकर मी तोवर पाहिला नव्हता. हसू यायला हवं होतं, पण माझेही हात जुळले.

हाजी आले तेव्हा तू आधी चूक सांगितलीस, मग "पोरीनं बसवलं" म्हणालास. त्यांनी मोजा उजेडात धरून बराच वेळ पाहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो घेऊन गेले. टाच तेवढी आपल्याला कळायची राहिली. त्या हिवाळ्यात तू तापानं अंथरूण धरलंस. भाकरी नको, काढा नको, रोज एकच: "टाच कशी वळली असंल वं?" मी चिंध्यांचे धागे काढून विणत होते. दरवेळी सरळ पिशवीच व्हायची. शेवटी एका दुपारी तू विचारलंस, "कळलं का तुले?"

"हाव, बा. कळलं."

तू हसलास. दाखव म्हणाला नाहीस. दुसऱ्या दिवशी गेलास.

गेल्या आठवड्यात शाळेतल्या गोऱ्या बाईनं चार सुयांवर मोजा विणायला घेतला. अर्ध्याच फासांवर पुढं-मागं जायचं, मग कडेचे फास उचलून पुन्हा गोल. माझ्या डोळ्यांदेखत टाच वळली. मी म्हटलं, ही विद्या मिसरची. ती म्हणाली, छे, माझ्या आजीची! मी वाद घातला नाही. कुणीकुणी कुठून कुठे पोचवली असेल, या विचारानं मला रडूच आलं.

हे पत्र पेटीत ठेवीन, धाडणार कुठं? खरं एवढंच, बा, त्या दुपारी मला काहीच कळलं नव्हतं.